पेठ रोडवरच्या ट्रॅक सॉचा हिशेब: ३९९ डॉलर नाशिकला पोचेपर्यंत

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मावसभावाने रात्री साडेदहाला मोबाइलवर एक फोटो पाठवला. ट्रॅक सॉ (प्लाय सरळ कापायची विजेची करवत), सोबत १४०० मिलिमीटरची रेल, किंमत ३९९ डॉलर. खाली एकच ओळ होती: "ताई, हीच इथे साडेअठ्ठावन्न हजारांना आहे. तिकडून मागवून दे ना."

त्याचं फर्निचरचं वर्कशॉप पेठ रोडला आहे. तीन सुतार, एक मदतनीस आणि कामं बहुतेक गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातल्या फ्लॅटमधली: किचन, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. मी अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं परचेस बघते. परदेशातून सुटे भाग मागवणं हे माझं रोजचं काम, म्हणून घरातल्या कुणालाही बाहेरून काही आणायचं असलं की फोन मला येतो. मात्र घरच्या माणसासाठी एका मशीनचा हिशेब पै-पैपर्यंत मी पहिल्यांदाच मांडला. तो इथे पूर्ण लिहिते आहे, कारण हाच प्रश्न नाशिकमधल्या कितीतरी कारागिरांच्या मोबाइलवर पडून असणार.

त्याला हे मशीन कशाला हवं होतं, हे आधी सांगते. प्लायवर लॅमिनेट लावून झालं की साध्या कटरने कापताना कडेचे टवके उडतात. गिऱ्हाइकाचं बोट पहिलं तिथेच फिरतं. ट्रॅक सॉ रेलवरून सरळ धावते, रेलच्या रबरी पट्टीने कड दाबून धरलेली असते, त्यामुळे कापणी फिनिशच येते. आठ फुटांची उभी कापणी तो प्लायवाल्याकडच्या पॅनेल सॉवर करून घेतो. चार फुटांची आडवी कापणी आणि साइटवरची शटर (कपाटांची दारं) यांसाठी १४०० ची रेल पुरते. म्हणजे मशीन हौसेसाठी नव्हतं. दर महिन्याला दोन-तीन शटर टवक्यांपायी फेकली जात होती.

३९९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या ८४ रुपये दराने ३३,५१६ रुपये. इथला भाव ५८,५००. फरक २५ हजारांचा. कुणालाही वाटेल की इथला दुकानदार लुटतो आहे.

तसं नव्हतं. अमेरिकेत दुकानाच्या पाटीवर लिहिलेल्या भावात विक्रीकर धरलेला नसतो, तो बिलात वर चढतो आणि प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. आपल्याकडे छापील एमआरपीत सगळे कर धरावेच लागतात आणि आम्हाला दुकानदाराने तोंडी सांगितलेल्या भावातही १८ टक्के जीएसटी होता. म्हणजे आपण करासकटचा भाव आणि कराशिवायचा भाव शेजारी ठेवून बघत होतो. ५८,५०० मधला जीएसटी काढला तर मशीन ४९,५७६ ला पडतं. त्याची फर्म जीएसटीत नोंदलेली आहे, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची योजना, तिच्यात क्रेडिट मिळत नाही) नाही, त्यामुळे उरलेले ८,९२४ रुपये त्याला क्रेडिट म्हणून, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात. त्याने हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मशीनची बिलं तो सीएकडे देतच नसे, फक्त प्लाय आणि लॅमिनेटची द्यायचा! हा फोटो आला नसता तर ते तसंच चालू राहिलं असतं.

पहिला मार्ग त्याने सुचवला तो कुरियरचा. त्याचा मेहुणा न्यू जर्सीत असतो. तिथलं दुकान भारतात माल पाठवत नव्हतं, म्हणून मेहुण्याने विकत घ्यायचं आणि कुरियरने पाठवायचं असं ठरत होतं. मी मेहुण्याला फोन करून दोन्ही खोक्यांची मापं घ्यायला लावली. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मशीनचं खोकं ४५ × ३० × ३५ सेंटिमीटर, वजन साडेसहा किलो. रेलचं खोकं १५२ × २२ × ८, वजन अडीच किलो. एकूण नऊ किलो. पण हवाई कुरियरवाले नुसत्या खऱ्या वजनाचे पैसे घेत नाहीत. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार ५,००० ने भागून जे येतं ते आणि खरं वजन, यांतलं जे जास्त ते धरतात. मशीनचं आलं ९.४५ किलो, रेलचं ५.३५. बेरीज १४.८, म्हणजे बिल पंधरा किलोचं. सहा किलो निव्वळ हवेचे. रेल तर अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी, पण दीड मीटर लांब असल्यामुळे तिच्यावर जास्तीच्या लांबीचा अधिभारही होता. सगळं धरून भाव आला २३५ डॉलर.

मग कस्टम्स. हातात धरून वापरायची, आत मोटार असलेली अवजारं कस्टम्सच्या दरपत्रकात ८४६७ या शीर्षकाखाली येतात. त्यावर मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यासकटच्या रकमेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकत्र केलं तर २७.७३५ टक्के होतात. पण कशाच्या? नुसत्या मशीनच्या किमतीच्या नाही. किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेच्या. म्हणजे वाहतुकीवर आपण दोनदा पैसे घालतो, एकदा कुरियरवाल्याला आणि दुसऱ्यांदा त्याच भाड्यावरचं शुल्क म्हणून सरकारला.

इथे एक गोष्ट कारागिराच्या बाजूची आहे, ती जपून ठेवावी. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे माल विमानाने आला असेल तर शुल्कासाठी धरायचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. आमचं खरं भाडं किमतीच्या निम्म्याहून जास्त होतं. पहिल्या रात्री मी ही मर्यादा विसरून हिशेब केला तेव्हा शुल्क साडेतीन हजारांनी जास्त आलं होतं. विम्याचा आकडा हातात नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात.

त्याच्या वहीत मी लिहून दिलं ते असं:

मशीन व रेल, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरून: ४२५.४३ डॉलर, म्हणजे ३५,७३६ रुपये
कुरियर: १९,७४०
शुल्काची किंमत (४२५.४३ + २० टक्के भाडं + विमा): ४३,२८६
मूळ शुल्क ३,२४६, अधिभार ३२५, आयजीएसटी ८,४३४, मिळून: १२,००५
कुरियरवाल्याची क्लिअरन्स फी: १,२००
दारात पोचल्यावर: ६८,६८१

५८,५०० च्या मशीनला ६८,६८१. आयजीएसटीचं क्रेडिट घेतलं तरी ६०,२४७, समोर इथलं ४९,५७६. दहा हजार सहाशे एकाहत्तर रुपयांनी महाग. आणि क्रेडिट घ्यायचं तर आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) नंबर काढून, बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे मालाची नोंद करायचा कागद) फर्मच्या नावाने करून माल सोडवायला हवा. आयईसी काढणं अवघड नाही. पॅन नंबरच आता आयईसी असतो आणि फी पाचशे रुपये. पण तो नसताना माल व्यक्तीच्या नावावर आला तर तो वैयक्तिक वापराच्या, म्हणजे ९८०४ या शीर्षकात जातो आणि तिथला दर तेव्हा या २७.७३५ पेक्षा जास्त होता.

"गिफ्ट लिहून पाठवायला सांगू का?" हा प्रश्न अपेक्षितच होता. २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून आलेल्या मालावरही शुल्क लागतं. आणि खोक्यावर किंमत कमी लिहायला सांगणं हा सरळ गुन्हा आहे. माल अडकला तर दंड भरून सोडवावा लागतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तसं करायचं असेल तर मला विचारू नकोस.

मग त्याने विचारलं की दुकानदाराला हे मशीन परवडतं कसं. वितरकही शुल्क भरतोच. पण तो घाऊक भावावर भरतो आणि त्याचा माल जहाजाने न्हावा शेवाला येतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ६७ घनमीटर जागा असते. आमच्या मशीनचं खोकं ०.०४७ घनमीटरचं, म्हणजे हजाराच्या वर खोकी एका कंटेनरमध्ये बसतात आणि भाडं तेवढ्या जणांत वाटलं जातं. आमच्या एका खोक्याने मात्र विमानाचं तिकीट काढलं होतं. एकट्याने जहाजाने मागवायचं म्हटलं तर सुट्या मालाला बहुधा किमान एक घनमीटरचा आकार लागतो, त्यावर बंदरात माल ठेवण्या-सोडवण्याचे खर्च. वीस कारागिरांनी मिळून मागवलं तर गणित वेगळं होईल, पण मग तो रीतसर आयातीचा धंदा झाला.

नाशिकमध्ये अजून एक समज ऐकू येतो. सातपूरला बॉशचा कारखाना आहे, मग त्यांचं ड्रिल इथे स्वस्त मिळायला हवं. या कंपनीचं जुनं नाव मायको, २००८ मध्ये ते बदललं, पण चौकाला आपण अजून मायको सर्कलच म्हणतो. त्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल होतात. ड्रिलचा तिथल्या फाटकाशी संबंध नाही.

आता व्होल्टेज. या भागावर मी जास्त लिहिणार आहे, कारण याने आमच्या घरात एकदा नुकसान केलेलं आहे.

२०१९ मध्ये याच मेहुण्याने प्रेमाने एक राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कोरायचं मशीन, आणला होता. अमेरिकन, १२० व्होल्टचा. सोबत एक छोटा ट्रान्सफॉर्मर. वर्कशॉपवर सगळ्यांना माहीत होतं, तोवर ठीक चाललं. एका साइटवर नवीन मुलाने पिन कन्व्हर्टर लावला आणि राउटर थेट आपल्या २३० व्होल्टला जोडला. दोन सेकंद तो किंचाळला, मग आतून निळा उजेड आणि वास. अशा हातातल्या मशीनमध्ये युनिव्हर्सल मोटार असते. तिचा वेग फ्रिक्वेन्सीवर नसतो, व्होल्टेजवर असतो. दुप्पट व्होल्टेज मिळालं की ती बेफाम पळते, कम्युटेटरवर (मोटारीतला कार्बन घासतो तो तांब्याचा भाग) ठिणग्यांचं कडं धरतं, आणि बहुतेक वेळा त्याआधीच वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. बिट कोलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, असताना हे झालं म्हणून माझा जीव आजही घाबरतो. त्या मुलाच्या हाताला काही झालं नाही, हे नशीब. त्याला कुणी रागावलं नाही. मशीनवर साधी चिठ्ठीसुद्धा लावलेली नव्हती, चूक आमची होती.

५० आणि ६० हर्ट्झचा फरक युनिव्हर्सल मोटारीला जवळपास जाणवत नाही. इंडक्शन मोटारीला जाणवतो. अशी मोटार असलेला अमेरिकन टेबल सॉ किंवा कॉम्प्रेसर आपल्या विजेवर एक षष्ठांश हळू फिरतो, ट्रान्सफॉर्मर कितीही चांगला असला तरी.

ही ट्रॅक सॉ १,३०० वॉटची. सुरू होतानाचा झटका धरून दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा. अंबडमधल्या एका वाइंडिंगवाल्याकडून मी दोन भाव घेतले. ऑटो ट्रान्सफॉर्मर ५,२०० रुपये, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ९,८००. भावाचं बोट लगेच स्वस्ताकडे गेलं. पण ऑटोमध्ये एकच वाइंडिंग असते, आणि तिचा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या विजेला सामाईक असलेला भाग तुटला तर बाहेरच्या टोकाला पूर्ण २३० व्होल्ट येतात. म्हणजे २०१९ चीच गोष्ट, या वेळी कुणाचीही चूक नसताना. दोन वाइंडिंगचा घ्यायचा तर त्याचं वजन वीस किलोच्या घरात. पाचव्या मजल्यावरच्या साइटवर लिफ्ट बंद असली की तो खांद्यावर न्यायचा. इंग्लंडमध्ये बांधकामावर ११० व्होल्टचे पिवळे ट्रान्सफॉर्मर सर्रास वापरतात, पण तिथे ती सुरक्षेसाठी मुद्दाम बसवलेली पद्धत आहे आणि सगळी साइटच त्यावर चालते. आपल्याकडे एका मशीनसाठी वेगळी वीज सांभाळायची म्हणजे रोज नव्या मुलाला नव्याने समजावायचं.

म्हणून मीच दुसरा मार्ग काढला. बॅटरीवरची ट्रॅक सॉ, नुसती बॉडी. बॅटरीला देश कळत नाही. भावाकडे त्याच कंपनीचे १८ व्होल्टचे दोन ड्रिल होते, चार बॅटऱ्या आणि इथलाच चार्जर. त्यामुळे तिकडचा १२० व्होल्टचा चार्जर आणायचीही गरज नव्हती. (जाता जाता: अमेरिकेत "२० व्होल्ट मॅक्स" लिहिलेलं असतं ते १८ पेक्षा मोठं नसतं. पाच सेल, प्रत्येकी ३.६ धरले तर १८ आणि पूर्ण चार्ज झाल्यावरचे ४ धरले तर २०.) मेहुणा डिसेंबरमध्ये येणार होता. बॉडी पाच किलोची, बॅगेत सहज बसणारी. रेल मात्र नाही, कारण चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटर चालतात आणि रेल एकटीच १४० ची. ती नाशिकमध्ये ९,५०० ला मिळत होती. बॅटऱ्या आणायच्या असत्या तर सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, १०० वॉट-तासांपर्यंत. १८ व्होल्ट ५ अ‍ॅम्पिअर-तासांची ९० होते, चालते. ६ ची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते.

बॉडी करासह ३९३.४५ डॉलर, म्हणजे ३३,०५० रुपये. रेल जीएसटी वगळून ८,०५१. एकूण ४१,१०१. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे भारतीय वंशाच्या प्रौढ प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येत होत्या, त्यापुढच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क होतं. ही सवलत प्रत्येकाची स्वतंत्र असते. नवरा-बायकोची मिळून लाखाची एक वस्तू आणता येत नाही.

कागदावर हा मार्ग जिंकत होता. वायरवालं इथलं मशीन ४९,५७६, हे ४१,१०१. साडेआठ हजारांची बचत, शिवाय वायर नाही.

तरी मी दोन गोष्टी त्याच्यापुढे ठेवल्या. पहिली, बॅगेजची सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या वस्तूंसाठी आणि भेटींसाठी आहे. मेहुण्याने स्वखुशीने एक भेट आणणं त्यात बसतं. धंद्यासाठी ठरवून, पैसे देऊन मशीन आणवणं बसत नाही, आणि त्याचं बिल फर्मच्या वहीत चढवता येणार नाही. दुसरी, वॉरंटी. आम्ही ज्या मशीनचा विचार करत होतो त्याची अमेरिकेतली वॉरंटी इथे चालणार नव्हती. इथल्या सर्व्हिस सेंटरने पैसे घेऊन दुरुस्त केलं तरी अमेरिकन मॉडेलचं कार्ड त्यांच्या यादीत नव्हतं. मी स्वतः जाऊन विचारलं होतं.

तो म्हणाला, "बिघडलं तर बघू." मग मी त्याच्याच वहीतून मजुरी काढली. तीन सुतार, रोजचे प्रत्येकी हजार. मशीनवाचून काम थांबलं तर दिवसाला तीन हजार बसून जातात. साडेआठ हजार तिसऱ्या दिवशी संपतात. आणि पार्ट अमेरिकेतून यायला तीन दिवस नाही, तीन आठवडे लागणार.

शारजात त्याचा एक मित्र आहे, तोही भाव मागवला. तिथे वीज आपल्यासारखीच, व्हॅट पाच टक्के, फक्त पिन इंग्रजी चौकोनी. फरक चार हजारांचा निघाला. वॉरंटीचा प्रश्न तोच. सोडून दिलं.

सप्टेंबरअखेर त्याने वायरवाली ट्रॅक सॉ आणि रेल नाशिकमध्येच घेतली. दुकानदाराला मी अमेरिकेचा भाव दाखवला नाही, त्याचा उपयोग नसतो. त्याऐवजी लगेच रोख देतो म्हटलं आणि एक जादा ब्लेड मागितलं. त्याने ब्लेड दिलं. बिलावर फर्मचा जीएसटी नंबर घालून घेतला आणि या वेळी बिल सीएकडे गेलं. दिवाळीच्या आधी दोन किचन त्याच मशीनवर निघाली.

डिसेंबरमध्ये मेहुणा आला तेव्हा भावासाठी भेट म्हणून कार्बाइडची दोन ब्लेडं आणि राउटर बिटचा एक संच घेऊन आला. सगळं मिळून दीड किलो. यांना व्होल्टेज नाही, वॉरंटी नाही, खोक्यात हवा नाही. फक्त मापं आधी कळवली होती: ब्लेडचं भोक २० मिलिमीटर, बिटची दांडी अर्धा इंच. अमेरिकन साध्या सर्क्युलर सॉचं भोक पाच अष्टमांश इंच असतं, ते या मशीनवर बसत नाही. आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्याकडे १२ च्या दांडीचे बिटही मिळतात. अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये १२ ची दांडी घट्ट वाटते पण धरत नाही, फिरताना निसटते. दोन वेगळे डबे करून त्यांवर मोठ्या अक्षरात लिहायला मी लावलं.

मशीन आजवर बिघडलेलं नाही. एकदा कार्बन बदलले, ते गावातच मिळाले, अर्ध्या तासात बसले. म्हणजे नुसत्या आकड्यांनी बघितलं तर ते साडेआठ हजार वाचले असते, आणि भाऊ हे मला अधूनमधून सांगतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही, आकडा खरा आहे. तरी उद्या पुन्हा ठरवायचं झालं तर मी हेच सांगेन, कारण ते तीन सुतार रोजावर घर चालवतात आणि बंद मशीनची झळ आधी त्यांना लागते.

मेहुणा पुढच्या वेळी काय आणू म्हणून विचारतो आहे. भावाने वहीत यादी केली आहे: ब्लेड, बिट, कोपरा मोजायचा एक चांगला गुण्या. प्रत्येक नावापुढे त्याने दोन रकाने आखलेत. एकात ग्रॅममध्ये वजन, दुसऱ्यात लांबी.